वाचकांचे प्रश्न : चालीसातल्या 'चुका' आणि अम्मांचं 'गोड़'

मागच्या अंकात सासरच्या एका लग्नाबद्दल लिहिताना मी ओघात 'आमच्या अम्मा (म्हणजे सासूबाई) अवधी बोलतात' असं एक वाक्य टाकून दिलं होतं, बाकी लेखाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही पण त्या एका वाक्यावर इतके मेल आणि व्हॉट्सअॅप आले की संपादक म्हणाले आता या महिन्याचं सदर त्यावरच करून टाका. तर करते. आधीच सांगते, मी काही भाषाशास्त्राची प्राध्यापक नाही, पुण्यात वाढले, लग्न करून सुलतानपूर जिल्ह्यातल्या घरात गेले आणि दरवर्षी उन्हाळ्यात तिकडे जाऊन जे कानावर पडलं ते आधी ऐकलं, मग कुतूहल वाढलं म्हणून वाचलं. त्यामुळे माझी उदाहरणं बरीचशी सुलतानपूर-प्रतापगडकडची आहेत, रायबरेली-उन्नावकडच्या कुणी वाचलं तर दोन-चार ठिकाणी नाक मुरडेल, मुरडू दे.

प्रश्न : आमच्या सोसायटीचे वॉचमन प्रतापगडचे आहेत. मी कौतुकाने म्हटलं तुम्ही भोजपुरी किती गोड बोलता, तर ते जरा चिडलेच, म्हणाले, 'हम भोजपुरी नाहीं बोलित.' मग ते काय बोलतात? – एक वाचक, डोंबिवली

चिडणारच हो. तुम्हाला कुणी दिल्लीत म्हटलं की काय छान कोकणी बोलता, तर कसं वाटेल, तसं ते. ते बोलतात ती अवधी. अयोध्येवरून 'अवध' आणि अवधवरून 'अवधी', इतकं सरळ नाव आहे. जुन्या लिखाणात हिलाच कोसली पण म्हणतात, आणि उन्नाव-रायबरेलीच्या पट्ट्याला बैसवाडा म्हणतात म्हणून तिकडची बोली बैसवाडी. नकाशा डोळ्यासमोर आणा, उत्तर प्रदेशच्या मधोमध लखनौ, त्याच्या भोवती बाराबंकी, सीतापूर, लखीमपूर खीरी, गोंडा, बहराइच, अयोध्या, अमेठी, सुलतानपूर, प्रतापगड आणि खाली प्रयागराज, फतेहपूर, हा सगळा अवधीचा मुलूख. शिवाय वरती सीमा ओलांडून नेपाळच्या तराईत, नेपाळगंज वगैरे भागातही हीच बोलतात, नेपाळच्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर लोकांनी आपली मातृभाषा अवधी सांगितली होती.

भोजपुरी याच्या पूर्वेला सुरू होते. जौनपूर हा मधला जिल्हा, त्याच्या पश्चिमेला अवधी आणि पूर्वेला भोजपुरी, म्हणजे एकाच जिल्ह्यातल्या दोन माणसांची बोली वेगळी असू शकते. ग्रिअर्सन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातल्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली त्यात त्याने अवधी, बघेली आणि छत्तीसगढी या तिघींना 'पूर्वी हिंदी' या एका घरात टाकलं आणि भोजपुरीला मैथिली-मगहीबरोबर बिहारी घरात. यातली छत्तीसगढी पार आपल्या गोंदिया-गडचिरोलीच्या शिवेला येऊन टेकते, म्हणजे अवधीची सख्खी बहीण विदर्भाची शेजारीण आहे.

मराठी माणसाला फरक ओळखायची एक सोपी युक्ती सांगते. भूतकाळात 'ल' शोधा. भोजपुरीवाला म्हणतो 'ऊ गइल', आपण म्हणतो 'तो गेला', दोन्हीत ल आहे. अवधीवाला म्हणतो 'ऊ गवा'. ल गायब. ट्रेनमध्ये शेजारी बसलेला माणूस फोनवर बोलत असेल तर पाच मिनिटं कान द्या, गइल-कइल-रहल आलं की भोजपुरी, आणि गवा, कहिस, रहा असं आलं की अवधी. आता तुमच्या वॉचमनच्या वाक्यातला 'बोलित' बघा, 'हम बोलित है' म्हणजे मी बोलतो. ऊ असेल तर 'बोलत है', हम असेल तर 'बोलित है'. एका वाक्यात त्यांनी तुम्हाला व्याकरणाचा पुरावाच दिला होता.

प्रश्न : माझा नातू सहावीत आहे. हनुमान चालीसा वाचताना म्हणाला, आजी या पुस्तकात शुद्धलेखनाच्या किती चुका आहेत, शंकरचं संकर, विद्याचं बिद्या, यशचं जस. मला उत्तर देता आलं नाही. – एक आजी, सातारा

आजी, नातवाला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण बहुतेक लोक पन्नास वर्षं रोज म्हणतात आणि हे त्यांच्या लक्षातच येत नाही. चुका नाहीत त्या. छापणाऱ्याने बरोबर छापलंय. ती अवधी आहे, आणि अवधीच्या तोंडात हे आवाज असेच बसतात.

आता पुस्तक घ्या आणि नातवाला शेजारी बसवा, आपण एकेक पकडू. 'संकर सुवन', 'हरहु कलेस', म्हणजे श गेला आणि स आला, अवधीत श आणि ष दोन्हीचा स होतो. 'गुन सागर', ण गेला न आला. 'बिद्यावान', 'बिकार', 'जग बंदन', व गेला ब आला. 'जुग सहस्र जोजन पर भानू', म्हणजे युग आणि योजन, य गेला ज आला, आणि 'तुम्हरो जस गावैं' मधला जस म्हणजे यश. 'लखन जियाये' मधला लखन म्हणजे लक्ष्मण, क्ष चा ख झाला. बघा, सहा-सात ओळींत अख्ख्या भाषेची ध्वनिव्यवस्था सापडली, आणि यातला कुठलाही बदल मनमानी नाही, जिथे जिथे तो आवाज येतो तिथे साधारण तेच होतं. नियमाने होणारी गोष्ट ही चूक कशी असेल? आपण 'ग्राम'चं गाव केलं आणि 'हस्त'चा हात केला तेव्हा चूक केली का.

बोलण्यातल्या अवधीत अजून एक गंमत आहे, ल च्या जागी र. फळ म्हणजे 'फर', थाळी म्हणजे 'थारी', नांगर म्हणजे 'हर' (संस्कृत हल). आपल्याकडे त्याच जागी ळ आला, त्यांच्याकडे र.

आणि एक गोष्ट जी मराठी माणसाला आपोआप जमते. हिंदीवाले 'और' म्हणताना तोंड पसरून एकच स्वर काढतात, 'है' पण तसंच. आपण मराठीत ऐक, औषध म्हणतो तेव्हा अइ, अउ असे दोन तुकडे ऐकू येतात. अवधीतही तसेच दोन तुकडे, अउर, कइसन, बइठ. त्यामुळे चालीसातलं 'गावैं' मराठी आजी जसं म्हणते तेच अवधीच्या जास्त जवळचं असतं, दिल्लीचा न्यूज अँकर म्हणतो ते नाही. हे ऐकून आमच्या अम्मा खूश झाल्या होत्या.

आता 'देहु मोहिं' आणि 'सुग्रीवहिं कीन्हा' हे पण बघून टाका. मोहिं म्हणजे मला, सुग्रीवहिं म्हणजे सुग्रीवाला. हे 'हि' जुन्या अवधीत प्रत्ययासारखं मागे चिकटतं, आपलं 'ला' चिकटतं तसं. आजच्या बोलण्यात ते 'हमका', 'तोहका' झालंय. देहु म्हणजे द्या, हरहु म्हणजे हरण करा. फक्त एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, चालीसा परंपरेने तुलसीदासांची मानतात आणि तिचा पाया अवधी असला तरी तिच्यात 'तुम्हरो', 'लील्यो' अशी ओकारान्त रूपं पण आहेत, ती ब्रजकडची, म्हणजे मथुरेकडच्या बोलीची छटा. म्हणजे शंभर टक्के शुद्ध अवधी म्हणून परीक्षेत उतरवू नका.

प्रश्न : अवधीला स्वतःचं व्याकरण आहे का, की ती हिंदीच आहे जरा गावरान उच्चारांची? मी कॉलेजला हिंदी घेतलंय, मित्रांमध्ये वाद झाला. – एक विद्यार्थी, नागपूर

वादात तू कुठल्या बाजूला होतास ते लिहिलं नाहीस, हुशार आहेस.

सगळ्यात मोठा मुद्दा आधी घेऊ, 'ने'. हिंदीत 'उसने रोटी खाई', 'उसने आम खाया'. मराठीत 'त्याने भाकरी खाल्ली', 'त्याने आंबा खाल्ला'. दोन्हीकडे काय होतं बघ, खाणारा बिचारा 'ने' लावून बाजूला बसतो आणि क्रियापद भाकरी-आंब्याच्या मागे फिरतं. अवधीत हे प्रकरणच नाही. 'ऊ रोटी खाइस', 'ऊ आम खाइस'. रोटी असो आम असो, तो असो ती असो, खाइस ते खाइस. क्रियापद फक्त कर्त्याकडे बघतं, म्हणून कर्ता बदलला की रूप बदलतं: हम कहेन, तू कहेव, ऊ कहिस, वै कहिन. मी म्हणालो, तू म्हणालास, तो म्हणाला, ते म्हणाले. 'ने'ची सवय मोडायला मला दोन वर्षं लागली, मी 'हमने कहेन' असलं काहीतरी खिचडी बोलायचे आणि नणंदा हसून लोळायच्या.

आता हे नुसतं उच्चार बदलून होणार आहे का तूच सांग. गावरान हिंदी असती तर 'ने' कुठेतरी राहिला असता, वेडावाकडा का होईना.

दुसरा मुद्दा भविष्यकाळ. हिंदीत जाऊंगा, करूंगा. अवधीत 'हम जाब', 'हम करब', 'हम खाब'. हा ब कुठून आला हे मला कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच खूश झाले होते. संस्कृतात 'कर्तव्य' म्हणजे करायचं असलेलं, त्यातला जो 'तव्य' आहे तोच झिजत झिजत अवधीत ब झाला, करब. आणि तोच तव्य आपल्याकडे झिजला तेव्हा 'करावं', 'जावं', 'खावं' मधला व झाला. म्हणजे अवधीचं करब आणि आपलं करावं ही एकाच आजीची नातवंडं, एक भविष्यकाळ सांगायला लागलं आणि दुसरं सल्ला द्यायला लागलं. तुलसीदास रामचरितमानसात म्हणतात 'भाषाबद्ध करबि मैं सोई', हे मी भाषेत बांधेन, तिथे हा ब ठसठशीत बसलेला आहे. तिसऱ्या पुरुषात मात्र ब येत नाही, 'ऊ जाई', 'ऊ करिहै' असं होतं. आणि नुसतं 'करणं', 'जाणं' म्हणायचं असलं तरी करब, जाब हेच रूप, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो.

तिसरं, नामं. अवधीत एकाच नामाची तीन रूपं असतात, लरिका, लरिकवा, लरिकौना. पहिलं साधं, मुलगा. दुसऱ्यात 'तो आपल्या ओळखीचा मुलगा' असा भाव, कधी लाडाने कधी वैतागून. तिसऱ्यात अजून घसट, किंवा तुच्छता, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवायचं. आपण गणेशचा गण्या करतो तसं, पण आपण ते फक्त नावांशी करतो आणि ते कशाशीही करतात. आमच्या घरी सासरे रोज सकाळी ओरडतात, 'मोबाइलवा कहाँ गवा?' मोबाईल उशीखाली असतो. रोज.

बाकी भराभर सांगते. विशेषणं आखूड असतात, छोटा-बड़ा नाही तर छोट, बड़. माझं-तुझं म्हणजे मोर, तोर, हमार, तोहार. 'मध्ये'साठी 'मा', लखनऊ मा, घर मा. 'मी'साठी रोजच्या बोलण्यात सरळ 'हम', त्यात राजेशाही वगैरे काही नाही, पश्चिमेकडे मात्र 'मइँ' पण ऐकू येतं. आहे-नाही तर प्रत्येक जिल्ह्यात वेगळं, पश्चिमेला है-हन, मधे अहै, पूर्वेला बाटै, बाय. शब्दाच्या शेवटचे इ आणि उ बऱ्याच ठिकाणी इतके हलके म्हणतात की ते ऐकू येण्यापेक्षा ओठांवर दिसतात, राति, आँखि, कुजबुजल्यासारखे. लखीमपूरचे बाबूराम सक्सेना यांनी यावर आणि एकूणच अवधीच्या विकासावर १९३७ साली मोठा ग्रंथ लिहिला, तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर बघ, इंग्रजीत आहे आणि कंटाळवाणा आहे पण वाद जिंकून देईल.

प्रश्न : अवधी म्हणजे ती लखनवी 'पहले आप'वाली नजाकतीची भाषाच ना? मला ती फार आवडते. – एक वाचिका, इंदूर

नाही, ती लखनौ शहरातली उर्दू. नवाबांचा दरबार, १७७५ च्या सुमारास आसफुद्दौलाने राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली तो काळ, शेरोशायरी, कबाब, हे सगळं शहराचं. शहराच्या वेशीबाहेर दहा-पंधरा किलोमीटर गेलं की अवधी सुरू. गोंधळ यामुळे होतो की प्रांताचं नाव अवध, म्हणून हॉटेलवाल्यांनी बिर्याणीला पण अवधी केलं. बिर्याणी अवधी, भाषा अवधी, आणि दोघींची एकमेकींशी फारशी ओळख नाही. अवधीत नजाकत आहे पण ती शेताच्या बांधावरची.

प्रश्न : तुम्ही एका ठिकाणी लिहिलं होतं की अवधी ऐकून ज्ञानेश्वरीची आठवण होते. जरा अतीच वाटलं. उदाहरणं द्या. – एक वाचक, पैठण

पैठणहून प्रश्न आलाय म्हणजे सांभाळून उत्तर द्यायला हवं.

'नीक' हा शब्द घ्या. अवधीत चांगलं म्हणजे नीक, 'बहुत नीक लागत है', खूप छान वाटतंय. आणि माउलींच्या ओव्यांत 'निकें' येतं ते पण चांगलं याच अर्थाने. आपण तो शब्द मराठीतून घालवला, अम्मा दिवसातून वीस वेळा वापरतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं या वारकरी आहेत की काय. मग 'अहै'. 'का हाल अहै?' 'सब ठीक अहै.' आपलं आहे आणि त्यांचं अहै शेजारी शेजारी ठेवा, मधे हजार-बाराशे किलोमीटर आहेत असं वाटतं का? नाही म्हणायला पण 'नाहीं'. नाव म्हणजे 'नाँव', हिंदीसारखं नाम नाही. 'तोहार नाँव का अहै?' हे वाक्य मराठी माणसाला भाषांतर करून सांगावं लागत नाही. घराबाहेरच्या पडवीला ते 'ओसारा' म्हणतात, आपल्या आजोळची ओसरी. घाघ नावाच्या लोककवीच्या नावावर तिकडे शेतीच्या म्हणी चालतात, त्यातली 'उत्तम खेती मध्यम बान' ऐकली की आपल्या 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी'चं गाव कळतं, किंवा आपल्यावरून त्यांचं, कोण कुणाकडून शिकलं यात मी पडत नाही.

पण फसवे शब्दही आहेत. 'का' म्हणजे अवधीत काय, आणि आपल्या का ला ते 'काहे' म्हणतात. आणि दुसरा माझा कायमचा घाव. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सगळे झोपलेले, अम्मा खाटेवर पडून मला हाक मारतात, 'दुलहिन, हमार गोड़ पिरात है.' तिकडे सुनेला दुलहिनच म्हणतात, पंचवीस वर्षं झाली तरी दुलहिनच. मला वाक्यातलं एकच कळलं, गोड. म्हटलं दुपारची वेळ आहे, म्हातारं माणूस आहे, काहीतरी गोड खावंसं वाटत असेल. मी लगबगीने आत गेले, डबा शोधला, वाटीत गूळ घातला, वर तांब्याभर पाणी घेतलं आणि पदर सावरत नेऊन दिलं. अम्मांनी गुळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायाकडे बघितलं. गोड़ म्हणजे पाय. पिरात है म्हणजे दुखतोय. तनी दबाय देव, जरा दाबून दे, एवढंच म्हणणं होतं. अम्मांनी गूळ खाल्ला, पाणी प्यायलं, आणि मग मी पाय दाबले, आणि ही गोष्ट आता त्या गावात माझ्या नावापेक्षा जास्त लोकांना माहीत आहे.

अजून एक, उत्तरेकडचे लोक दरवर्षी २ जूनला 'दो जून की रोटी'चे जोक फॉरवर्ड करतात ते तुमच्याकडे पण येत असतील. तिथल्या जूनचा महिन्याशी काही संबंध नाही, जून म्हणजे वेळ, दुइ जून म्हणजे दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ. अवधीत हा शब्द अजून रोज वापरात आहे.

प्रश्न : रामचरितमानसाशिवाय अवधीत काही वाङ्मय आहे का? आणि लिपी कुठली? – एक वाचक, बेळगाव

आहे, आणि मानसाच्या आधीचं आहे. आणि ते बरंचसं सूफी मुसलमान कवींनी लिहिलेलं आहे, हे सांगितलं की लोक दचकतात. डलमऊचे मौलाना दाऊद यांचं 'चंदायन' १३७९ चं. म्हणजे तुलसीदासांच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी. मग कुतुबन, मंझन, आणि सगळ्यात मोठे मलिक मुहम्मद जायसी, आताच्या अमेठी जिल्ह्यातल्या जायस गावचे, त्यांचं 'पद्मावत' १५४० च्या सुमाराचं. चौपाया (चार चरणांची कडवी, एकवचन चौपाई) आणि मधेमधे दोहा ही चाल दाऊदांपासून चालत आलेली, तुलसीदासांनी तीच घेतली. माझं वैयक्तिक मत विचाराल तर भाषेचा अस्सल स्वाद जायसींत जास्त आहे, तुलसीदास पंडित होते, संस्कृत शब्द सढळ हाताने घालतात, जायसी चुलीजवळच्या अवधीत लिहितात. हे मत मी सासरी मोठ्याने बोलत नाही.

त्याच्याही मागे जायचं तर बाराव्या शतकात दामोदर पंडितांनी गाहडवाल राजा गोविंदचंद्राच्या काळात संस्कृत शिकवायला एक पुस्तक लिहिलं, त्यात समजावण्यासाठी तिथली रोजची बोली वापरली, त्यामुळे जुन्या कोसलीचे नमुने आपल्याला आयते मिळाले. मास्तरांनी सोपं करून सांगितलं नसतं तर काहीच राहिलं नसतं.

तुलसीदासांनी मानसाला सुरुवात केली ते साल त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, 'संबत सोरह सै एकतीसा', संवत १६३१, म्हणजे १५७४, रामनवमीला, अयोध्येत. सोरह म्हणजे सोळा, परत तेच ळ आणि र. एकतीस तर आपलंच एकतीस, हिंदीत इकतीस होतं. आणि आता पैठणच्या वाचकांनी पण कान द्या, आपल्या एकनाथ महाराजांनी एकनाथी भागवत काशीत पूर्ण केलं ते शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ ला. एक वर्षाचा फरक! इकडे नाथ विचारतायत की संस्कृत देवाने केली तर मग प्राकृत काय चोरांपासून झाली, आणि तिकडे दुसऱ्याच वर्षी तुलसीदास म्हणतायत मी हे भाषेतच बांधणार. दोघांची भेट झाली की नाही याच्या गोष्टी रचायचा मोह होतो पण तो आवरते.

लिपीचं म्हणाल तर आज देवनागरी. पूर्वी पद्मावतच्या बऱ्याचशा हस्तलिखित प्रती फारसी लिपीत लिहिल्या गेल्या, आणि रोजच्या हिशेब-कागदपत्रांना कैथी लिपी चालायची, कायस्थ लेखनिकांची म्हणून कैथी. आपल्या मोडीचीच भावकी समजा. फरक असा की मोडीत आधी पानभर रेघ ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं टांगायची, कैथीत वरची रेघच नसते. आमच्याकडे जुन्या जमिनीचा एक कागद कैथीत आहे, घरात कुणालाच वाचता येत नाही आणि त्यावरून दोन चुलत्यांचं भांडण मात्र चालू आहे.

विसाव्या शतकात पढीस, वंशीधर शुक्ल आणि रमई काका हे तिघे मोठे अवधी कवी. रमई काका लखनौ आकाशवाणीवर होते, त्यांच्या विनोदी नाटिका ऐकायला गावं रेडिओभोवती जमायची असं सासरे सांगतात.

प्रश्न : एवढी मोठी भाषा, मग नोटेवर का नाही? – एक वाचक, वाशी

कारण सरकारच्या खात्यात ती हिंदीच्या पोटात आहे. राज्यघटनेत मान्य भाषांची जी यादी आहे, त्या आठव्या अनुसूचीत अवधी नाही. मैथिली तिथे २००३ च्या घटनादुरुस्तीने गेली, अवधी आणि भोजपुरी बाहेरच राहिल्या. २०११ च्या जनगणनेत अवधी मातृभाषा लिहिणारे साडेअडतीस लाखांच्या आसपास भरले, आणि ते पण हिंदीच्या बेरजेत गेले. वर सांगितलेल्या जिल्ह्यांची नुसती यादी बघितली तरी कळतं की हा आकडा कसा आला असेल. आमच्याच घरी गणनावाला आला तेव्हा सासऱ्यांनी अवधीतच उत्तर दिलं, 'लिखौ, हिंदी.'

गंमत म्हणजे तिला जास्त मान समुद्रापलीकडे मिळाला. १८७९ पासून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर फिजीला नेले, त्यात अवध आणि भोजपुरी पट्ट्यातले खूप, आणि त्यांच्या बोलीतून फिजी हिंदी तयार झाली. तिच्यात आजही 'ऊ करिस', 'ऊ खाइस' असंच म्हणतात. लखनौच्या कॉन्व्हेंटातल्या मुलाला जे रूप बोलायची लाज वाटते ते फिजीच्या राजधानीत, सुवामध्ये बिनधास्त चालतं.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी अयोध्येला जातोय. दोन-चार वाक्यं शिकवा ना. – एक वाचिका, नाशिक

पहिली अडचण ही की तुम्ही अवधीत बोललात तरी समोरचा हिंदीत उत्तर देईल, पाहुण्याशी हिंदी बोलायची अशी तिकडे रीत आहे. चिकाटी सोडू नका. 'का हाल अहै?' ने सुरुवात करा, 'तोहार नाँव का अहै?' लहान मुलांना विचारा, मोठ्यांना नको, मोठ्यांशी 'आप' ठेवा. तहान लागली तर 'हमका पियास लागि है'. जेवण आवडलं तर 'बहुत नीक लाग'. उद्या कुठे जाणार विचारलं तर 'हम काल्हि परयाग जाब'. चुकलं तरी बिघडत नाही, फक्त 'ने' कुठे घालू नका.

आणि कुणाच्या घरी जेवायला बसलात तर एक वाक्य पाठ करूनच जा, 'बस, पेट भरि गवा, अब न खाब.' हे हात ताटावर आडवा धरून म्हणायचं. तरी एक पूड़ी हाताच्या फटीतून ताटात पडणारच, त्याला माझ्याकडे उपाय नाही.